आडवं झोपून मोजलेली उंची

माझ्याकडे आलेल्या पोराला मी आधी नाव विचारत नाही. चप्पल काढ म्हणतो आणि भिंतीला उभं करतो. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, डोकं भिंतीला, नजर समोर. मग वरून लाकडी पट्टी सरकवत आणून त्याच्या टाळूला टेकवतो. आकडा बरा निघाला तर नाव-गाव विचारतो. कमी निघाला तर चहा पाजतो आणि एसटीला बसवून देतो. लोक म्हणतात उस्ताद लई कडक माणूस. कडक नाही हो. वर्षभर फी घेऊन मग मैदानावरून परत पाठवण्यापेक्षा पहिल्या दिवशी चहा पाजलेला बरा.

फौजेतून हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि लातूरच्या बाहेर माळावर भरती अकॅडमी काढली. गाव माझं रेणापूर तालुक्यातलं, शेती भाऊ बघतो. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, तेच नाव इथंही चिकटलं. लातूर म्हटलं की तुम्हाला डॉक्टर-इंजिनिअर करणारे क्लास आठवतात. त्या क्लासच्या पायऱ्या ज्यांना चढता येत नाहीत, त्यांची रांग आमच्याकडे लागते. पोलीस भरतीला काय लागतं? पळायला लागतं, गोळा फेकायला लागतो, छाती फुगवायला लागते, लेखी पेपर लागतो. हे सगळं मेहनतीनं वाढतं. मी पळता न येणाऱ्याला पळवलंय, गोळा पायावर पाडून घेणाऱ्याकडून लांब फेकवून घेतलाय. उंचीपुढं मात्र उस्तादाचं काही चालत नाही. पुरुषाला एकशे पासष्ट सेंटीमीटर म्हणजे एकशे पासष्ट. त्याच्या खाली अर्धं बोट राहिलं तर बाकी सगळं पाण्यात.

म्हणून या उंचीपायी पोरं काय काय करतात ते मी बघत आलोय. कुणी टाळूवर मेंदीचा थर वाळवून येतो. कुणी टाचेला मेण लावतो. एका बहाद्दरानं मित्राकडून डोक्यात लाटणं मारून घेतलं, टेंगूळ यावं आणि तेवढंच वर जावं म्हणून. टेंगूळ आलं, पण कानाच्या वर आलं. एका बापानं उंची वाढवायची पावडर दुधातून सुरू केली. पोराची उंची होती तिथंच राहिली, कंबर वाढली, आणि मग मला ती कंबर उतरवायला दोन महिने गेले.

या सगळ्यांत एकच युक्ती थोडी तरी खरी आहे. माणूस झोपून उठतो तेव्हा केसभर उंच असतो. दिवसभर उभं राहून, बसून मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत तो थोडा बसतो. म्हणून काठावरची पोरं भरतीच्या दिवशी घरापासून मैदानापर्यंत टेम्पोत आडवी झोपून येतात. मैदानाच्या गेटवर पहाटे बघा, एकेका टेम्पोतून चार-चार जण पोराला उचलून उतरवतात, जसा काही आजारीच आहे. बाहेरच्या माणसाला हसू येईल. मला येत नाही. त्या टेम्पोत कुणाची तरी नोकरी आडवी झोपलेली असते.

आता सोहेलचं सांगतो. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलोय.

सोहेल बिलोलीचा. बाप युसूफभाई पिंजारी, गाद्या-उश्यांचं दुकान. कापूस पिंजायचा, गादी भरायची, लांब सुईनं टाके घालायचे. जन्मभर खाली वाकून टाके घालून युसूफभाईंच्या पाठीला कायमचा बाक आलेला. पोरगं बारावी सायन्स पास होऊन माझ्याकडे आलं. भिंतीला उभं केलं, पट्टी टेकवली, आणि अर्धं बोट कमी. मी चहा सांगितला. त्यानं चहा प्यायला नाही. म्हणाला, उस्ताद, एकदा पळून दाखवू का, आणि मी हो म्हणायच्या आत मैदानाला चक्कर मारून परतही आला. धापसुद्धा लागली नव्हती. मी म्हटलं, वय एकोणीस आहे, पाठ सरळ करायचे व्यायाम करून घेऊ, काही पोरांना तेवढ्यानं पट्टी गाठता येते. ठेवून घेतला.

पण पोरगं कसलं, भिंगरी. सावधान म्हटलं की सगळे सावधान, हा वरून जाणाऱ्या पोपटांच्या थव्याकडे बघणार. शिट्टी वाजायच्या आधी गोळा फेकून मोकळा. टाकीचा नळ चालू करायचा आणि मध्येच स्वयंपाकाच्या बाईला पोती उचलू लागायचा, इकडं टाकी वाहून मैदानात चिखल. लेखीच्या तासाला पहिली दहा मिनिटं ठीक, मग बाक हलायला लागायचा. मी ओरडायचो. त्याला राग यायचा नाही, खरोखर वाईट वाटायचं, आणि पुन्हा तेच. असल्या पोरावर राग तरी किती वेळ धरणार.

आमच्याकडे पोरांच्या पेट्या मी अधूनमधून उघडून बघतो. भरतीच्या दिवसांत इंजेक्शनं, गोळ्या यांचा सुळसुळाट असतो. पळायला जोर येतो म्हणून पोरं घेतात, मैदानावर पकडली गेली तर आयुष्यातून उठतात. सोहेलच्या पेटीत गोळ्यांची पाकिटं निघाली. ओळखीच्या मेडिकलवाल्याला दाखवली. तो म्हणाला, उस्ताद, हे उत्तेजक आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आम्ही हात लावत नाही. उत्तेजक हा शब्द माझ्या धंद्यात फार वाईट. माझं डोकं तापलं. युसूफभाईंना फोन केला की या आणि लेकराला घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आले बिचारे. अंगावर कापसाचे तंतू तसेच. मी पाकिटं पुढं टाकली. त्यांनी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "उस्ताद, गलत समजू नका. नशेची न्हाई ही. डॉक्टरची हाय, लहानपणापासून चालू हाय." मग पुन्हा पाकिटाकडं बघितलं. एकही गोळी फोडलेली नव्हती. सोहेलकडं बघून त्यांनी एवढंच विचारलं की किती दिवस झाले सोडून. सोहेल जमिनीकडं बघत म्हणाला, "अम्मी म्हणली सोड. सोडली तर वाढशील म्हणली."

मग माळावर लिंबाखाली बसून युसूफभाईंनी सगळं सांगितलं. सोहेल दुसरीत होता तेव्हा शाळेतून रोज तक्रार. वर्गात बसत नाही, वही पुरी करत नाही, मध्येच उठून चालू पडतो. एकदा घराच्या माळवदावरून, म्हणजे छतावरून उडी मारली, पाय मोडता मोडता वाचला. एकदा पिंजायच्या मशीनमध्ये हात घातला, त्याचा वण अजून बोटावर आहे. लोकांनी ताईत सांगितले, कुणी मार सांगितला. शेवटी एका शिक्षकानं नांदेडच्या डॉक्टर मॅडमचं नाव दिलं, लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टर. त्यांनी दोन-तीन वेळा बोलावून, शाळेला विचारून सांगितलं की याला एडीएचडी आहे. म्हणजे पोरगं वाईट नाही, आगाऊ नाही. लक्ष टिकत नाही, हातपाय गप्प राहत नाहीत, मनात आलं की विचार करायच्या आत करून मोकळं. आणि गोळी लिहून दिली.

मला एक कळेना. भिंगरीला उत्तेजक कशाला? ही तर आगीत तेल ओतायची गोष्ट. युसूफभाई म्हणाले मलाही तेच वाटलं होतं. मॅडमनी त्यांना सांगितलं होतं की या पोरांच्या मेंदूत जो लगाम धरणारा आहे तो पेंगतो, गोळी त्या लगामवाल्याला जागं करते. आठवड्याभरात सोहेल वहीचं पान पुरं करायला लागला. त्या दिवशी मी दुकान बंद करून मिठाई वाटली, म्हणाले.

पण गोळीबरोबर बाकीचंही आलं. दुपारचा डबा शाळेतून भरलेला परत यायला लागला. गोळी उतरली की संध्याकाळी वखवखल्यासारखी भूक, रात्री झोप लवकर लागेना. पोरगं काडीसारखं झालं. सोहेलची आई शबानाभाभी, त्यांचा गोळीला पहिल्यापासून विरोध. माझं हसतं-खेळतं लेकरू तुम्ही मुकं करून टाकलं, म्हणायच्या. त्यांचे देगलूरचे भाऊ सगळे उंच, दारातून वाकून आत येणारे. मामांवर जायला पाहिजे होतं पोरगं, गोळीनं खाल्लं. हे घरात रोजचं. दर महिन्याला सोहेलला घेऊन नांदेडला युसूफभाई जायचे. भाभी एकदाही गेल्या नाहीत. गोळीचं पाकीटसुद्धा घरात ठेवू दिलं नाही, ते दुकानात कापसाच्या गाठीवर असायचं, आणि शाळेच्या दिवशी सकाळी बाप स्वतःच्या हातानं द्यायचा.

आणि मग कोरोना आला. मॅडम प्रत्येक भेटीला सोहेलचं वजन-उंची घ्यायच्या, छाती तपासायच्या, सुट्टीत गोळी बंद ठेवायला लावायच्या. कोरोनात भेटीच बंद पडल्या. औषध फोनवरून विचारून चालू राहिलं, मोजणं राहून गेलं. नेमकी पोरं झपाट्यानं वाढतात ती वर्षं. "त्या दोन सालात मी नेलंच न्हाई उस्ताद," युसूफभाई म्हणाले. बोलताना ते गवताची काडी मोडत होते, ती मोडून संपली तरी बोटं तशीच चालू होती.

मी त्यांच्याबरोबर नांदेडला गेलो. माझा स्वार्थही होता. माझ्या मैदानावर पळताना पोराच्या काळजाला काही झालं तर जबाबदार कोण? मॅडम साध्या, बोलायला मोकळ्या. सोहेलची नाडी, रक्तदाब, सगळं बघितलं. मी सरळच विचारलं की हे औषध वर्षानुवर्षं खाल्लं तर होतं काय. त्यांनी मला टाळलं नाही. भूक आणि झोपेचं तर दिसतंच, म्हणाल्या. नाडी आणि रक्तदाब थोडे वर राहू शकतात, म्हणून ते बघत राहायचं, आणि घरात कुणाला काळजाचा आजार असला तर आधीच सांगायचा. काही पोरं फार गप्प होतात, मग औषध कमी करायचं किंवा बदलायचं. सांगितल्याप्रमाणं घेतलं तर नशा लागत नाही, मित्रांत वाटून खाल्लं तर धोका आहे. आणि उंची? बरीच पोरं पुढं भरून काढतात. पण लहानपणापासून सलग घेतलेल्या काही पोरांत थोडा फरक राहून जातो.

युसूफभाई इतका वेळ खुर्चीच्या टोकावर बसले होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे ह्याची उंची मी खाल्ली का मॅडम?"

मॅडम म्हणाल्या, "युसूफभाई, मी हो म्हटलं तरी खोटं होईल आणि नाही म्हटलं तरी खोटंच होईल. गोळी न खाल्लेला सोहेल मी पाहिलेला नाही. मला त्याच्या आई-बापाची उंची नीट माहीत असती तर अंदाज तरी बांधता आला असता. तुमची पाठ अशी, आणि शबानाताईंना तुम्ही कधी आणलंच नाही."

मग त्या सोहेलकडं वळल्या आणि स्पष्ट सांगितलं की आता हाडं भरली आहेत, गोळी सोडल्यानं उंची वाढणार नाही. गोळी घ्यायची का नाही हे त्यानं अभ्यासाकडं आणि स्वतःकडं बघून ठरवावं, पट्टीकडं बघून नाही. सोहेल म्हणाला, अम्मीला विचारतो. अम्मीनं फोनवर सांगितलं, भरती होईपर्यंत नाही म्हणजे नाही. मी मध्ये पडलो नाही. घरातल्या भांडणात उस्तादानं शिट्टी वाजवू नये.

भरती नांदेडला होती. मी आदल्या दिवशी बिलोलीला गेलो. युसूफभाईंनी दुकानात नवी गादी करून ठेवली होती. मला हात दाबून बघायला लावला. "मऊ गादीत पाठ बुडते, म्हणून कडक भरली," म्हणाले. नवा कापूस, कुठं गाठ नाही, टाके असे की पाठीला दोरा टोचू नये. मी मनात म्हटलं, युसूफभाई, मैदानावर रांगेत तास-दोन तास उभं राहिल्यावर या गादीचं काय उरणार आहे. पण त्या माणसाचं तोंड बघून मला बोलवेना. जेवायला शबानाभाभींनी वाढलं. चार वाक्यं बोलल्या असतील. त्यातलं एक मला अजून आठवतं. म्हणाल्या, "तुम्ही तर रोज पोरं मोजता भाईसाब. माझ्या लेकराला जरा नीट मोजा म्हणून सांगा तिथं." मी म्हटलं, भाभी, मोजणारा माझा कुणी नाही.

पहाटे टेम्पोत गादी टाकली. शेजाऱ्याचा टेम्पो, पुढं तो, मी आणि युसूफभाई. मागं गादीवर सोहेल आणि त्याच्या उशाशी भाभी. हट्टानं आल्या होत्या. निघालो तसं मागून आवाज यायला लागले. सोहेल झोप. पाय सरळ कर. उठू नको. बिलोली सुटायच्या आत तो उठून बसला होता, म्हशी बघायला. पुन्हा झोपवला. मग कुशीवर वळला, मग उठून मागच्या फळीवरून, फाळक्यावरून वाकून टेम्पोचं चाक बघितलं, मग ड्रायव्हरला मागच्या खिडकीतून गाणं लाव म्हणून सांगितलं. भाभी आधी समजावत होत्या, मग दटावत होत्या, मग त्यांचा आवाज रडवेला झाला. त्या पोराची तरी काय चूक. जन्मात कधी तो एका जागी पडून राहिला नव्हता, आणि आज सगळ्यांनी मिळून त्याला नेमकं तेच मागितलं होतं.

नायगावला चहाला थांबलो. मी ग्लास घेऊन मागं गेलो तर सोहेल उठून बसलेला आणि डोळ्यांत पाणी. म्हणाला, "उस्ताद, मला जमून न्हाई राहिलं. मी मुद्दाम न्हाई करून राहिलो." भाभी त्याच्याकडं बघत होत्या. हे वाक्य त्यांनी त्याच्या तोंडून हजारदा ऐकलं असेल, शाळेतून आल्यावर, वही दाखवताना, मार खाताना. पण त्या दिवशी त्यांना ते वेगळं ऐकू आलं असावं. त्यांनी डबा उघडला, भाकरी आणि अंडं त्याच्या हातात दिलं आणि पोटभर खायला लावलं. मग टेम्पोच्या कडेला उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "द्या ती गोळी."

युसूफभाईंनी वरच्या खिशातून पाकीट काढलं. खिशात घेऊनच आले होते. भाभींनी स्वतः गोळी फोडली, पाण्याबरोबर दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या हातानं. मी सोहेलला सांगून ठेवलं की मैदानावर डॉक्टरनी विचारलं तर लपवायचं नाही, जे आहे ते सांगायचं.

गोळीचा अंमल यावा म्हणून आम्ही मुद्दाम थोडे रेंगाळलो आणि मग निघालो. पुढच्या वाटेवर मागचे आवाज हळूहळू कमी झाले. मी मागच्या खिडकीतून बघितलं. पोरगं पाठीवर सरळ झोपलं होतं, डोळे उघडे, आभाळाकडं बघत. भाभींचा हात त्याच्या कपाळावर. त्या त्याच्याकडं असं बघत होत्या की हा कोण, हा पण माझाच का. युसूफभाईंनी मात्र एकदाही मागं वळून बघितलं नाही.

मैदानावर काय झालं ते लवकर सांगतो. गेटच्या आत आम्हाला सोडत नाहीत, हे सोहेलनं नंतर सांगितलेलं. आत रांग होती, ऊन होतं, पोरं टॉवेल टाकून आडवी होत होती, पण रांग पुढं सरकली की उठावंच लागत होतं. सोहेलचा नंबर आला, पट्टी खाली आली आणि केसाला टेकली, टाळूला नाही. अपील करता येतं, त्यानं केलं. दुसऱ्या साहेबांनी पुन्हा मोजलं. तेच. मोजणाऱ्यांनी काही वाकडं केलं नाही. मी असतो तरी हाच आकडा दिला असता.

इथं थोडं पुढचं सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. वनरक्षकाच्या भरतीला उंची दोन सेंटीमीटर कमी चालते आणि बारावी सायन्स लागते. सोहेल आता त्याची तयारी करून राहिला. बारावी सायन्स त्याला कशामुळं निघाली हे त्या घरात आता कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. नोकरी लागेल न लागेल. जंगलात दिवसभर पायी हिंडायची नोकरी त्याच्यासाठीच काढल्यासारखी आहे, असं माझं मत.

पण त्या दिवशी हे कुणाला सुचत नव्हतं. सोहेल गेटातून बाहेर आला तेव्हा त्याला काही विचारावं लागलं नाही. टेम्पो एका चिंचेखाली लावला होता. युसूफभाई टेम्पोच्या सावलीत उकिडवे बसले. पोरगं आईजवळ उभं. मला वाटलं आता भाभी बोलणार, आणि इतक्या वर्षांचं सगळं त्या चिंचेखाली बाहेर पडणार. त्या काही बोलल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं.

युसूफभाईंनीच तोंड उघडलं. "उस्ताद, मला मोजा," म्हणाले.

मला कळलं नाही. ते म्हणाले, मॅडम म्हणत होत्या ना, बापाची उंची माहीत असती तर. मी म्हटलं, इथं पट्टी नाही, आणि तुमची ही पाठ उभी मोजता यायची नाही. आणि मग गादीकडं माझं लक्ष गेलं. कडक भरलेली, गाठ नसलेली गादी. मी म्हटलं, चप्पल काढा आणि वर चढा.

त्यांना गादीवर उताणं झोपवलं. तळपाय टेम्पोच्या फाळक्याला टेकवले. पाठ खाली बसेना. मी गुडघे दाबले, खांदे दाबले, हळूहळू श्वास सोडा म्हटलं. टाके घालून घालून वाकलेला तो कणा त्यांच्याच गादीवर इंचाइंचानं खाली बसला. तोंड वेडंवाकडं झालं पण हूं की चूं केलं नाही. मग मी सोहेलला म्हटलं, बापाच्या शेजारी झोप, पाय फाळक्याला. तो झोपला. गोळी अजून अंगात होती, पोरगं एकदम स्थिर.

भाभी टेम्पोच्या बाजूनं येऊन दोघांच्या उशाशी उभ्या राहिल्या. सरळ केलेल्या बापाचं डोकं खाली होतं आणि पोराचं वर. थोडंथोडकं नाही. भाभींनी वाकून आपला हात मध्ये ठेवला. चार बोटं बसली.

हात त्यांनी तसाच ठेवला. मग नवऱ्याला म्हणाल्या, "निकाहात तर तुम्ही लई उंच दिसले होते मला."

युसूफभाई आडवे झोपूनच म्हणाले, "तवा फेटा होता."

सोहेलला हसू फुटलं. त्याचं हसू ऐकून बाप हसला, आणि हसता हसता त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहायला लागलं, कारण झोपलेल्या माणसाचं पाणी तिकडंच जातं. मी तोंड फिरवलं. खरं सांगतो, त्या चार बोटांनी काहीच सिद्ध होत नव्हतं. मामांवर गेला असता तर अजून उंच झाला असता, गोळी नसती तर झाला असता, हे सगळं तसंच उरलं होतं. मॅडमना जे सांगता आलं नाही ते टेम्पोच्या फाळक्याला काय सांगता येणार. माझा सगळा जन्म पट्टी टेकवण्यात गेला. पण आकडा सांगून झाल्यावर त्या माणसाला काय वाटतं, ते बघायला मी कधी थांबलो नव्हतो.

भाभींनी ओढणीच्या टोकानं आधी नवऱ्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे. सोहेलला म्हणाल्या, ऊठ आता, किती झोपशील. आणि मग, टेम्पोचा फाळका लावता लावता, जणू बाजारातून काय आणायचं ते विचारावं तसं युसूफभाईंना विचारलं, "मॅडमची पुढची तारीख कवा हाय? मी बी येते."